मामेसासऱ्यांची बोटं

परभणी जिल्ह्यातल्या कापसाबद्दल शेवटचा शब्द माझ्या मामेसासऱ्यांचा, हे जिल्ह्याला ठाऊक नसलं तरी त्यांना पक्कं ठाऊक होतं. मानवतला त्यांचं अडतीचं दुकान. चिमूटभर कापूस बोटांत धरायचा, डोळे मिटायचे, हळूच ताणायचा आणि निकाल द्यायचा, "वजनासाठी पाणी मारलंय." समोरचा मान खाली घालायचा. ही परीक्षा दुकानापुरती राहिली असती तर बरं होतं. मी सासरवाडीला पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी त्यांचा अंगठा माझ्या कॉलरवर. "जावईबापू, टेरीकॉट हाय. सुती म्हणून गळ्यात मारलं तुमच्या." माझा लग्नातला सदराही त्यातून सुटला नव्हता, तोही भर मांडवात.

हट्टही तसाच. एका वर्षी त्यांच्या गाईचं वासरू गेलं. "वासराच्या तोंडचं आमी प्यालो," म्हणून त्यांनी दूध सोडलं. दही, ताक, तूप, सगळंच. घर पिढ्यान्‌पिढ्या शिवभक्त, गळ्यात लिंग, अंड्याचं नावसुद्धा उंबऱ्याबाहेर. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत, मग काळा चहा करायला शिकल्या. पुढची सात-आठ वर्षं मामा ज्वारीची भाकरी, ठेचा आणि स्वतःचं कौतुक यांवर मजेत जगले.

मग ते डोलू लागले. सोमवारच्या आरतीला मठात उभे राहून डोळे मिटले की मामा मागंपुढं झुलायचे. लोकांना वाटलं, भक्तीचा भाव लागला. बायका त्यांची वाट अडवून पाया पडू लागल्या. मामा "नका, नका" म्हणायचे, पण पाया पडून झाल्यावर. एकदा न्हाणीत तोंडाला साबण लावला आणि ते सरळ आडवेच झाले. मामी म्हणाल्या, "आता हितंबी समाधी लागायली का?" पायाखाली कापूस पसरल्यावानी वाटतंय, असंही ते सांगायचे. जन्म कापसात गेलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार, म्हणून आम्ही हसायचो. "कसला कापूस, मामा?" मी विचारलं होतं. "लांब धाग्याचा. कोरडा," ते म्हणाले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

एके दिवशी दुकानात मी शेजारी बसलो असताना त्यांनी चिमूटभर कापूस घेतला आणि डोळे मिटून बसले ते बसलेच. शेतकरी ताटकळला. मामा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ह्याला पाणी मारलंय का, बघा बरं. बोटं बोलंनात." कापसातलं मला विचारत होते, मला!  त्यांना जीपमध्ये घातलं आणि परभणी गाठली.

डॉक्टरांनी पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मामा थेट त्यांच्या अंगावर. "भाव लागतो मला," मामा सवयीनं म्हणाले. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "मामा, भाव नाही. बी-बारा संपलंय तुमचं." दुधाचा थेंब नाही, मांसाचा प्रश्नच नाही, त्यामुळे मज्जारज्जू झिजायला लागला होता. "चाल सुधारेल. बोटांचं मात्र सांगता येत नाही, उशीर झालाय." मामा अंगठा बोटांवर घासून बघू लागले.

इंजेक्शन निघालं लालभडक. मामांनी दंड मागं घेतला. "रगत हाय का त्यात?"

"नाही हो. दही विरजतो ना, तसे जंतू वाढवून करतात."

"दही तर सोडलंय मी."

डॉक्टर म्हणाले, "मामा, ते वासरू आज असतं तर बैल झालं असतं. दूध कधीच सुटलं असतं त्याचं."

मामांनी दंड पुढं केला. घरी आल्यावर मामींनी दुधाचा पेला दिला, तोही मुकाट प्यायले.

आता ते काठीशिवाय मठात जातात. आरतीला डोलत नाहीत, त्यामुळे पाया पडायलाही कुणी येत नाही. ते त्यांना जरा लागलंय.

परवा गेलो, तर दारातच अंगठा कॉलरवर आला. डोळे मिटले. अंगठा फिरत राहिला, फिरत राहिला. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"सुती हाय न्हवं?"

"होय, मामा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "टेरीकॉट हाय. बोटांनी न्हाई सांगितलं, तुमच्या आवाजानं सांगितलं."

तरी त्यांनी कॉलर सोडली नाही. मीही मान हलवली नाही. म्हटलं, लागेल तेवढा वेळ लागू दे.