तिच्या हाताच्या मापाची मूठ
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की अमेरिकेतल्या चँडलरमधलं आमचं जेवणाचं टेबल आठवतं. दोन हजार एकच्या शरद ऋतूत, न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर, पार्किंगमध्ये कुणीतरी बायकोच्या अंगावर थुंकलं, म्हणून मी रिव्हॉल्व्हर आणलं. त्या टेबलावर गोळ्या काढून, शिलाई मशीनचंच तेल देऊन, जाड लाकडी मूठ उतरवून बारीक रबरी बसवली. माप तिच्या लाटण्यावरून घेतलं. तिनं ती एकदाच धरली. “अहो, मूठ कसली बदलताय? मला पुण्याला परत जायचंय.” “मुलाचं कॉलेज होऊ दे, मग बघू,” मी स्क्रू आवळत म्हणालो. पुढे सगळ्यांना सांगत राहिलो, रिव्हॉल्व्हर तिलाच हवं होतं. आता ती नाही, म्हणून थकल्या हातानं लिहून ठेवतो: तिनं फक्त परतीचं तिकीट मागितलं होतं.