ख्यालाच्या अक्षरातली चादर

साहेबांनी जीप थांबवून वाचावा म्हणून लावायचा फलक मी असा रंगवला, की तो कोणालाच वाचता येऊ नये. इतकी मी हुशार होते.

राळेगावात नवी सून होते तेव्हा. कापूस खरेदी केंद्रावरचा वजनकाटा बंद पडून होता आणि गाड्यांची रांग सडकेपर्यंत आली होती. त्यात शेजारच्या काकूंची गाडी. वर्षाचा सगळा कापूस तिच्यात, आणि ताडपत्री अर्ध्या गाडीलाच पुरणारी. आभाळ रोज भरून यायचं. भिजलेला कापूस कोणी घेतला नसता. खरेदीचे मोठे साहेब परवा याच सडकेनं जाणार, एवढं कळलं होतं.

काकू म्हणाल्या, "तुले लिवता येते ना वं? मंग लिव मोठ्ठं. काटा सुरू करा."

तीन शब्द. पण मी पडले कलावंत. सासऱ्यांकडे शास्त्रीय गाण्याच्या तबकड्या होत्या. गाणं मला ढिम्म कळत नसे. कव्हरांवरची अक्षरं मात्र बोटानं गिरवत बसायची. एका ख्यालाच्या कव्हरावर शिरोरेषा तंबोऱ्याच्या तारेसारखी लांबत जाई आणि प्रत्येक काना खाली येता येता वेलीसारखा वळे. फलकासाठी घरातली जुनी चादर घेतली आणि तसलीच अक्षरं मी चादरभर काढली. दारांसाठी आणलेला ऑइलपेंट सगळा संपवला. वाळल्यावर सडकेच्या कडेला दोन बांबूंना बांधली, लांबून बघितली आणि स्वतःवरच खूश झाले.

जीप दिसली तशी अख्खी रांग उभी राहिली. काकूंनी माझं मनगट आवळून धरलं होतं. जीप हळू झाली. साहेबांनी डोकं बाहेर काढलं, मान तिरपी करून चादर पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं तिरपी केली.

"गाण्याचा कार्यक्रम दिसतोय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "छान."

आम्ही तोंड उघडेपर्यंत जीप गेली. दोघं-तिघं मागं धावले, वळणापर्यंत जाऊन परत आले.

"वाचून तं दाखव बाई," रांगेतला एक गाडीवाला म्हणाला, "आमाले तरी समजू दे."

कोणी हसलं नाही. तेवढ्यात टपटप सुरू झालं. काकूंनी बांबूची गाठ ओढली, चादर उघड्या कापसावर टाकली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. पाऊस उघडेपर्यंत मी ते धरून उभी, वर रडतही होते.

मग काकूंनी चादरीखाली हात घातला. बराच वेळ चाचपलं. म्हणाल्या, "अक्षरं जाड काढली थे बरं केलं, सूनबाई. जिथं जिथं अक्षर हाय, तिथं कापूस कोरडा हाय."