ट्रेव्हरचा मद्रास

आमच्या शेजारचा ट्रेव्हर सग्डेन चव्वेचाळीस वर्षं गॅसची कामं करून गेल्या नोव्हेंबरात निवृत्त झाला. तोपर्यंत त्याने स्वयंपाकघरातली शेगडी फक्त दुरुस्तीसाठी उघडली होती. त्याची बायको ग्लेनिस सांगते, लग्नानंतर एकदा ती आजारी पडली तेव्हा त्याने अंडं उकडायला ठेवलं आणि पाणी घालायचं विसरला.

असा हा माणूस जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी माझ्या दारात उभा. हातात कोपऱ्यावरच्या 'सुरमा' या करीच्या दुकानाचा अॅल्युमिनियमचा डबा, तळाशी दोन चमचे थंड रस्सा.

"वृंदा, यात काय काय आहे सांग."

बावीस वर्षं दर शुक्रवारी तो 'सुरमा'तून चिकन मद्रास नावाची तिखट करी आणत होता. आता रिकामपणी त्याच्या डोक्यात आलं होतं की आपण हे घरीच करून बघावं.

मी औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे सगळ्या पदार्थांची घटकद्रव्यं मला कळतात असा गल्लीत समज आहे. मी वास घेतला, बोट लावून चाखलं. "कांदा. टोमॅटो. लसूण. जिरं असावं."

"ते सगळं मी घातलं काल. पण झाली कांद्याची भाजी. हे गुळगुळीत आहे बघ. यातला कांदा गेला कुठे?"

मला सांगता येईना. पण साताऱ्याची मुलगी, चोवीस वर्षं इंग्लंडमधल्या कीथलीत राहून घरात एकदाही मसाला विकत न आणलेली. हार कशी मानणार? म्हटलं, "उद्या ये. तुला खरी कोंबडी शिकवते."

दुसऱ्या दिवशी तो वही, पेन्सिल आणि खिशातला तापमापक घेऊन आला. मी सुकं खोबरं भाजलं, तीळ, खसखस, कांदा-लसूण मसाला, सगळं त्याच्यासमोर केलं. "चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम?" असं त्याने सात वेळा विचारलं. जेवायला बसल्यावर दोनदा रस्सा मागून घेतला, ताट पावाने पुसलं, आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "फार छान झालंय. पण ही करी नाही."

माझा नवरा पाणी पिताना ठसकला. मी दोन दिवस धुसफुसत होते. मग माझ्याही डोक्यात तोच किडा वळवळायला लागला. खरंच, 'सुरमा'तला रस्सा तसा का लागतो? मद्रासच्या कुठल्या घरात तो शिजत नाही, साताऱ्यात नाही, ढाक्यातही नसावा. मग तो आहे तरी कुठला?

पुढचे सहा आठवडे शेजारून खमंग, करपट आणि मधूनच घाबरवणारे वास येत राहिले. धूर झाला की वाजणारी घंटा इतकी वाजायची की ग्लेनिसने ती काढून कपाटात ठेवली. ट्रेव्हरने ती परत लावली. सुरक्षेचे नियम तो बायकोसाठीही मोडत नाही. मसाला तेलात टाकताक्षणी काळा पडायचा, नाहीतर कच्चा राहायचा. प्रत्येक फसलेली करी तो स्वतः संपवायचा आणि वहीत लिहायचा: "क्रमांक अकरा. कडू. हळद जास्त."

"दुसऱ्यांचे नवरे निवृत्तीनंतर गोल्फ खेळतात," ग्लेनिस कुंपणावरून मला म्हणाली, "माझा नवरा पडदे पिवळे करतो."

"अगं, बिघाड सापडत नाही तोवर यंत्र बंद करायचं नसतं," आतून ट्रेव्हर ओरडला.

मी एकदा त्याला म्हटलं, "इतकी डोकेफोड करण्यापेक्षा त्या स्वयंपाक्यालाच विचार ना."

तो चक्क लाजला. "बावीस वर्षं जातोय मी तिथे, पण त्याचा चेहरा पाहिला नाही कधी. गल्ल्यावर मोईनुल असतो. दाराआडून फक्त कढईवर पळी आपटल्याचा आवाज येतो. आणि विचारू काय? तुझं पोटापाण्याचं गुपित मला फुकट सांग म्हणून?"

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मी दुपारी कामावरून येत होते, तर ट्रेव्हर आपली जुनी हत्यारांची पेटी घेऊन रस्त्यात भेटला. 'सुरमा'च्या दारावर चिठ्ठी लागली होती: शेगडी बिघडल्यामुळे आज बंद.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तुला त्यांची भाषा येते."

"ट्रेव्हर, ते बांगलादेशातल्या सिल्हेटचे आहेत. मला बंगाली येत नाही."

"माझ्यापेक्षा तर बरी येत असेल ना? चल."

मोईनुलने आम्हाला मागच्या दाराने आत घेतलं. तिथे उलट्या बादलीवर एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. हेच सुराब अली. तो कढईचा आवाज यांचाच. वय सत्तरीला टेकलेलं. मी हिंदीत बोलले, तर त्यांनी सिनेमात शिकलेल्या ऐटबाज हिंदीत उत्तर दिलं. इंग्रजीही त्यांना चांगलं येत होतं, अगदी यॉर्कशरी वळणाचं. म्हणजे माझी गरजच नव्हती. पण मी कसली जाते!

ट्रेव्हर शेगडीपुढे गुडघ्यावर बसला. सगळे बर्नर सोडवले, बारीक भोकांमधली वर्षानुवर्षांची मेणचट काजळी तारेने काढली, साबणाचं पाणी लावून कुठे गळतंय का ते दोनदा तपासलं. सुराब अली त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "अच्छा, तर हवा इथून घेते ही? चाळीस वर्षं हिच्यासमोर उभा आहे, पण पोटात काय आहे ते आज बघतोय."

निळी ज्योत फुरफुरत लागली. मोईनुलने पाकीट काढलं. ट्रेव्हरने हात मागे घेतले आणि लाल होत म्हणाला, "पैसे नकोत. मला फक्त एकदा मद्रास करताना बघू द्या."

सुराब अली हसले. "त्यात बघायचं काय, भाई? सहा मिनिटांचं काम."

"सहा?" ट्रेव्हरचे सहा आठवडे गेले होते.

त्यांनी कोपऱ्यातल्या एका मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं. आत पिवळसर, पातळ, सुपासारखं काहीतरी. पोतंभर कांदा, थोडं गाजर, कोबीचा तुकडा, ढोबळी मिरची, आलं-लसूण, डब्यातले टोमॅटो, हळद आणि भरपूर तेल, सगळं दोन तास शिजवून गंधासारखं वाटलेलं. दुकानातली प्रत्येक करी या एकाच पातेल्यातून निघायची.

"म्हणजे कांदा इथे गेला होता," ट्रेव्हर पुटपुटला.

मग कढई तापली. तेल, आलं-लसूण, पाण्यात कालवलेला टोमॅटोचा गर, त्यावर मसाल्याची पूड. गरामुळे पूड जळली नाही. पातेल्यातला एक पळी गरम रस्सा पडला, मोठा फसफसाट झाला, आणि सुराब अलींनी हात चक्क मागे बांधले.

"हलवा ना! लागतंय कडेला!" मी न राहवून म्हणाले.

"लागू दे की, बेटी. कडेला लागतं त्यातच चव आहे." कडा तपकिरी झाल्यावर त्यांनी त्या खरवडून आत ओढल्या, आणखी एक पळी ओतली, पुन्हा हात मागे. शिजवून ठेवलेली कोंबडी, लिंबू, चिमूटभर कसुरी मेथी. ट्रेव्हरने घड्याळ पाहिलं. साडेपाच मिनिटं.

"चाचा, घरी पण असंच करता?" मी विचारलं.

"तोबा! माझी बायको हे दारातून आत येऊ देत नाही. आम्ही मासे-भात खातो. हे मी ब्रॅडफर्डला आल्यावर शिकलो, तीन दिवसांत, एका म्हाताऱ्या उस्तादाकडून. मद्रास कुठे आहे ते मला अजून ठाऊक नाही." मग ट्रेव्हरकडे वळून जरा संकोचून म्हणाले, "आता मी एक विचारू? इतकी वर्षं तुम्हा लोकांना जेवायला घालतोय, पण तुमच्यापैकी कुणाच्या घरचं स्वयंपाकघर पाहिलं नाही. तो तुमचा अंड्या-मैद्याचा यॉर्कशर पुडिंग ओव्हनमध्ये फुगतो कसा? मी तीनदा केला. चपातीच झाली."

ट्रेव्हरने खांदे उडवले. "मला काय ठाऊक? ते ग्लेनिसचं खातं."

दुकान मंगळवारी बंद असायचं. म्हणून दर मंगळवारी अकरा वाजता सुराब अली कपड्यांना इस्त्री करून सग्डेनांकडे यायला लागले. माझीही मंगळवारची सुट्टी. मी खुर्ची टाकून बसायचे. एका बाजूला ट्रेव्हर आणि कढई, दुसऱ्या बाजूला चाचा आणि ओव्हन.

"साच्यातलं तेल धुरावलं पाहिजे," ग्लेनिस बजावायची, "मगच पीठ ओतायचं. आणि वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडायचं नाही. काही झालं तरी नाही."

सातव्या मिनिटाला चाचांनी दार उघडलं. फुगलेले सहाही पुडिंग डोळ्यांदेखत बसले.

"सुराब! काय सांगितलं होतं मी?"

"आत काय चाललंय ते बघायचं होतं," ते पोरासारखे म्हणाले.

"दोघंही सारखेच," ग्लेनिस मला म्हणाली. "एकाला हलवल्याशिवाय राहवत नाही, दुसऱ्याला उघडल्याशिवाय."

कारण ट्रेव्हरचंही तेच होत होतं. कडा जरा तपकिरी झाल्या की त्याचा हात पळीकडे जायचा. शेवटी चाचांनी पळी काढून आपल्या काखेत धरली. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या करीला तो वास आला. ग्लेनिसने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. पुढच्याच मंगळवारी चाचांचे पुडिंग मुठीएवढे फुगले. त्यांनी ते रुमालात बांधून घरी नेले. बायकोने माशाच्या कालवणात बुडवून खाल्ले म्हणे.

एका मंगळवारी मी त्यांना सहज विचारलं, "तुम्ही हे सगळं ट्रेव्हरला शिकवताय, मुलं काही म्हणत नाहीत?"

"दोघंही हिशेबनीस आहेत, चांगल्या नोकऱ्या आहेत. मीच म्हणायचो, या धुरात येऊ नका. त्यांनी ऐकलं." कढईकडे बघत ते म्हणाले, "पण हे कसं करता, असं कुणी विचारलं नव्हतं कधी."

पुढे चालवायला कुणी नव्हतं, म्हणून जूनच्या शेवटी 'सुरमा' विकलं गेलं. शेवटच्या शनिवारी गल्ल्यावर रांग लागली होती. मी आणि ट्रेव्हर निरोप घ्यायला मागच्या दाराने गेलो, तेव्हा चाचा चार कढया एकदम सांभाळत होते. मोईनुलने आत ओरडून सांगितलं, "आणखी एक चिकन मद्रास!"

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ट्रेव्हरच्या डोक्यावर ठेवली.

"नाही, नाही. तो माणूस पैसे देऊन खाणार आहे!"

"म्हणून तर. हात धू."

ट्रेव्हरने हात धुतले. मग त्याने कढई तापवली, गर घातला, पूड घातली, पळी ओतली आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. चाचांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. डबा बाहेर गेला तसे आम्ही दोघं दाराच्या फटीला डोळे लावून उभे. रंगाच्या डागांनी भरलेले कपडे घातलेला एक दांडगा माणूस होता. त्याने झाकणाचा कोपरा उचलला, वास घेतला, झाकण दाबून बंद केलं आणि निघून गेला.

"काहीच बोलला नाही," ट्रेव्हर कासावीस होऊन म्हणाला. "काही चुकलं का?"

"बावीस वर्षांत तू कधी काही बोललास?" चाचा म्हणाले. "घे, आता कोर्म्याची ऑर्डर आलीय. त्यात मिरची घालू नकोस."