सूचना नव्हे, हरकत

लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि लासूर स्टेशनजवळचं गाव सोडून ते शहरात, गारखेड्यात माझ्याकडं राहायला आले. मी भाड्याच्या खोलीत शिवणकाम करायची. खोलीसमोर एक मोकळी जागा होती. बोर्डावर 'उद्यान' लिहिलेलं होतं, पण आत गाजरगवत आणि कुणीतरी लावून विसरलेली कडुलिंबाची, करंजाची कंबरेएवढी रोपं. दादा तिसऱ्याच दिवशी भांडी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन तिकडं निघाले.

मी म्हटलं, "दादा, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, आन् तुम्ही झाडाला घालताय?"

"हे पानी तू गटारात वततीस. झाडानं काय घोडं मारलंय?"

पहिले काही महिने लोक हसले. मग शेजारच्या मावशी आपली बादली घेऊन निघाल्या. मावशी अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली कागदपत्रांची एक पेटी असायची. त्यांचं बघून गल्लीतली आणखी चार-पाच घरं लागली. दादा दर झाडाला आळं करायचे आणि पालापाचोळ्यानं झाकायचे. पैठणहून पाणी आणणारी पाइपलाइन फुटली की सगळी गल्ली टँकरकडं पळायची. त्या दिवसांतसुद्धा कपड्यांचं शेवटचं पाणी झाडांना जायचंच.

पुढं आजूबाजूला इमारती उठल्या. खडी-वाळू वाहणाऱ्या बाया दुपारी त्या झाडांखाली भाकरी सोडायला लागल्या. तोवर झाडं छपरांच्या वर गेली होती. मग जागेला कुंपण आलं, फाटक आलं, बाकं आली. आणि एका उन्हाळ्यात फाटकावर महापालिकेचा कागद चिकटला: उद्यान संवर्धनाच्या नव्या नियमांचा मसुदा, हरकती आणि सूचना मागवण्यात येत आहेत.

मी तो उभ्या उभ्या वाचला. उद्यान सकाळी आणि संध्याकाळी उघडं, दुपारी बंद. आत बसून जेवायला मनाई. नागरिकांनी स्वतः पाणी घालायला, माती उकरायला मनाई.

दादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झाडाला मी हात लावायचा नाय?"

मावशींनी चष्मा पुसला. "तोंडी भांडायचं नाही. अर्ज लिहायचा, दोन प्रती काढायच्या, एकीवर पोच घ्यायची."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तीन अर्ज झाले: त्यांचा, माझा आणि दादांचा. दादांनी सही केली नाही, अंगठा दिला. महापालिकेच्या कार्यालयातल्या माणसानं पोच द्यायला खळखळ केली. मावशी त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि शिक्का उमटेपर्यंत उठल्या नाहीत.

हरकतींवरच्या सुनावणीच्या दिवशी मी शिवणकाम बंद ठेवलं. सभागृहात पंखे होते, गर्दी फार नव्हती. पुढच्या रांगेत जवळच्या सोसायटीतले लोक बसले होते. त्यांच्यातले एक निवृत्त गृहस्थ आधी बोलले. म्हणाले, दुपारी मजूर येतात, चूल मांडतात, एका करंजाचं खोड त्यांनी भाजून काढलं आहे, मागं प्लास्टिक टाकून जातात.

ते खोटं बोलत नव्हते. ते खोड मी पाहिलं होतं. त्या दिवशी दादा त्या बायांवर एवढे ओरडले होते की त्यातली एक रडली होती. पण दुसऱ्या दिवसापासून चूल कुंपणाबाहेर गेली, हेही मी पाहिलं होतं. ते त्या गृहस्थांनी सांगितलं नाही.

नावं पुकारणं संपलं. आमची नावं आलीच नाहीत.

मी उभी राहिले. "साहेब, आमचे तीन अर्ज आहेत."

टेबलामागचे अधिकारी यादी चाळत म्हणाले, "यादीत नाहीत. मुदतीत आले नसतील."

मावशींनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले तीन कागद काढले आणि टेबलावर एकाशेजारी एक मांडले. गोल शिक्का, तारीख, सही. अधिकाऱ्यांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकुनानं खाली पाहिलं.

"बरं, थोडक्यात सांगा."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. आणि माझ्याआधी दादाच बोलले, बसल्या जागेवरून.

"साहेब, सकाळी सहाला सावली कोनाला पायजे?"

कुणीतरी हसलं. दादा हसले नाहीत.

"ऊन दुपारी ऱ्हातं. झाड दुपारच्यासाठीच वाढवलंय आमी. तुमी दुपारीच कुलूप लावनार, व्हय?"

"आजोबा, हे झाडांच्या रक्षणासाठीच आहे."

"मंग इतके साल कोन राखत व्हतं?"

त्यावर माझी भीती गेली. मी म्हटलं, चूल पेटवायला मनाई करा, आमची ना नाही. कचऱ्याचे डबे ठेवा. पण दुपारी फाटक बंद करणं हे संवर्धन नाही, माणसं बाहेर ठेवणं आहे. आणि पाणी घालायला बंदी करत असाल तर मे महिन्यात रोज कोण घालणार, त्याचं नाव नियमात लिहा.

पुढच्या रांगेतून आवाज आला, "भावनिक मुद्दे नकोत."

मी म्हटलं, "बादली भावनेनं भरत नाही, काका. नळाखाली तासभर उभं राहावं लागतं."

अधिकाऱ्यांनी हात वर केला. "झालं, नोंद घेतली. सुनावणी संपली."

लोक उठले. मावशी बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "काय नोंद घेतली, ते वाचून दाखवा."

"बाई, मागाहून मिळेल."

"मागाहून नको. आत्ता वाचा. मी बसलेय."

मीही बसले. दादा तर बसलेलेच होते. शेवटी कारकुनानं वाचलं: स्थानिक नागरिकांनी दुपारच्या वेळेबाबत सूचना केली.

"सूचना नव्हे," मी म्हटलं. "हरकत. आम्ही हरकत घेतलीय. आणि पाण्याचं कुठंय?"

"सूचना काय, हरकत काय, एकच आहे हो."

"एकच आहे तर हरकत लिहा."

त्यानं खोडलं. वर 'हरकत' लिहिलं. खाली पाण्याची ओळ घातली. मग मावशींनी त्या खाडाखोडीशेजारी त्याची सही मागितली, आणि त्यानं तीही केली. मला वाटतं तोही कंटाळला होता. पण कंटाळून का होईना, लिहिलं.

पक्के नियम पावसाळ्यानंतर लागले. दुपारची बंदी निघाली होती. चुलीला मनाई आली, ती योग्यच होती. जेवायची मनाई मात्र तशीच राहिली. बाया आता भाकरी बाकाखाली ठेवून, पदराआड खातात, आणि रखवालदार तेवढ्या वेळात दुसरीकडं बघतो. त्या कलमावर आम्ही पुन्हा अर्ज दिला आहे. पाण्याबद्दल लिहिलं होतं: पूर्वपरवानगीनं.

मी परवानगी मागायला गेले नाही. दादांना तर शब्दाचा अर्थच विचारावासा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बादली घेऊन गेले, मी मागून कळशी. रखवालदारानं विचारलं, "परवानगी हाय का?"

दादा म्हणाले, "सरक बाजूला, पाय भिजतील तुझे."

तो सरकला.