जेवढं विचारलं तेवढं

मिस नेल्डा प्रुइट यांच्याशी गप्पा मारण्यापेक्षा खांबाशी बोललेलं बरं, असं माझा नवरा म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. टॉलिव्हर काउंटीच्या कोर्टात त्या क्लार्क, म्हणजे सगळ्या कागदपत्रांच्या मुख्य, होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. दर निवडणुकीला त्या बिनविरोध निवडून यायच्या. आमच्याकडं ज्याला सगळ्यांचं सगळं माहीत असतं त्याला एकतर गावाबाहेर काढतात, नाहीतर तोंड बंद ठेवायच्या बोलीवर जन्मभर निवडून देतात.

केस कापायला गेल्या की पार्लरमधल्या बायका त्यांना कोंडीत पकडायच्या. "अहो मिस नेल्डा, त्या डॉब्सच्या पोराचं काय झालं हो शेवटी? आम्ही काय परक्या आहोत?"

"कोर्टात ये, नाव सांग, काय हवं ते सांग. काढून देते."

"म्हणजे तिथं सगळ्यांदेखत विचारायचं?"

"मग नको विचारूस," असं म्हणून त्या डोळे मिटून घ्यायच्या.

विचारलं त्याला द्यायचं, विचारलं नाही ते सांगायचं नाही. सल्ला देणं वकिलाचं काम, आपलं काम कपाट उघडायचं. हे त्यांनी मला पहिल्या दिवशीच बजावलं. त्यांच्या सख्ख्या भावानं, वेंडेलनं, तरुणपणी शेजाऱ्याची वासरं चोरून विकली होती. पुढं त्याला कापसाच्या जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चांगली नोकरी लागायच्या वेळी जिनचा माणूस चौकशीला आला. मिस नेल्डांनी फाइल काढली, फडक्यानं पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली. नोकरी गेली. त्यानंतर थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला वेंडेल त्यांच्याकडं आला नाही. मी म्हटलं, सापडत नाही म्हणायचं होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच वासरं चोरली होती. मला त्यांचा आदर होता, पण त्या दिवशी भयंकर रागही आला होता, हे सांगून टाकते.

शॉना मेकम आली ती मार्चमधल्या वाऱ्याच्या दिवसांत. बाहेर धूळ इतकी होती की दुपारीच दिवे लावले होते. शॉना दोन वर्षांपूर्वी पोरीला घेऊन आमच्या गावात आली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि आता रँडल टीगच्या घरी राहायला जाणार होती. रँडल म्हणजे गावाचा लाडका. कुणाचा पंप बिघडला, कुणाचं छप्पर उडालं की हा हजर. चर्चमध्ये भसाड्या आवाजात का होईना, पण मनापासून गायचा. त्याची पिकअप समोरच्या झाडाखाली उभी होती. काच खाली, शेजारी शॉनाची सात-आठ वर्षांची पोर. मी खिडकीतून बघितलं तर त्यानं मला हात केला.

"गाडीचे कागद करायला जाते असं सांगून आलेय," शॉना हळूच म्हणाली. "माझी बहीण पाठीच लागलीय, बघून ये म्हणून. मी राज्याच्या साइटवर बघितलं. नोंद नाही असं आलं."

आमच्या काउंटीचे कागद त्या साइटवर कधी चढलेच नाहीत. तिथं कुणाचंही नाव टाका, नोंद नाही असंच येतं आणि लोक त्याचा अर्थ माणूस धुतल्या तांदळासारखा असा घेतात.

"नाव?" मिस नेल्डांनी विचारलं.

तिनं मागं वळून दाराकडं बघितलं. "रँडल टीग."

"काय बघायचंय?"

"फेलनी. त्याच्यावर फेलनीची केस आहे का?"

मिस नेल्डा आतल्या खोलीत गेल्या. आमच्याकडं फेलनी, म्हणजे खून, दरोडा, जबर मारहाण असले मोठे गुन्हे, आतल्या खोलीत असतात. हलके गुन्हे बाहेरच्या लोखंडी कपाटात, माझ्या पाठीमागं. मी मान वळवली नाही, पण त्या कपाटात काय आहे ते मला ठाऊक होतं. रँडलच्या पहिल्या बायकोचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. केस फेलनीची व्हायची होती. मग बायकोनं जबाब फिरवला, सरकारी वकील थकला आणि धक्काबुक्कीचा किरकोळ गुन्हा लावून सगळं मिटलं. रँडलनं दंड भरला. बायको कुठं गेली ते गावात कुणी विचारलं नाही.

मिस नेल्डा परत आल्या. "फेलनी नाही."

शॉनानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि ती हसली. "देवाची कृपा! बहिणीला ना, उगाच सगळ्यांत काळं दिसतं."

"आणखी काही विचारायचंय?"

"नाही हो. झालं."

"विचारायचं असेल तर विचार. मी बसलेय."

"नको, ते वाट बघतायत." ती पर्स उचलून दाराकडं गेली.

ती दाराची मूठ फिरवत होती आणि मला वाटलं आता मीच ओरडते. तेवढ्यात मिस नेल्डा बोलल्या.

"फेलनी नाही म्हणाले मी. केस नाही, असं नाही म्हणाले."

शॉना परत आली. चेहरा खडूसारखा पांढरा. "मग जे असेल ते सगळं काढा," ती म्हणाली.

उभ्याउभ्याच तिनं वाचलं. डॉक्टरांच्या कागदाशी आल्यावर तिनं स्वतःच्या हनुवटीला हात लावला. बाहेर हॉर्न वाजला, एकदाच, अगदी सभ्यपणे. शॉना दचकली आणि फाइलमधले फोटो खाली पडले. मी उचलून दिले.

"मला याची नक्कल हवीय," ती म्हणाली. "पण घरी नको. माझ्या बहिणीकडं पाठवाल? मी पोरीला घेऊन तिकडंच जाईन. इथं कुणालाच सांगणार नाही."

पोस्टानं नक्कल हवी तर चिठ्ठी भरावी लागते: नाव, पत्ता, सही. ती चिठ्ठी फाइलीत राहते आणि फाइलीतलं सगळं कुणालाही बघता येतं. ज्याची फाइल त्यालाही. मी सवयीनं चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढं केला. मिस नेल्डांनी तो माझ्या हातून घेऊन खणात टाकला आणि खण बंद केला.

"पत्ता तोंडी सांग," त्या शॉनाला म्हणाल्या. शॉनानं सांगितला. त्यांनी तो कुठंच लिहिला नाही. "जा आता. म्हणावं, गाडीच्या कागदांच्या खिडकीला रांग होती."

पुढच्या आठवड्यात शॉना शाळेतूनच पोरीला घेऊन निघून गेली. कपडेसुद्धा घेतले नाहीत. गाव म्हणालं, बघा, बिचाऱ्या रँडलच्या नशिबात बायको टिकतच नाही. कोर्टाच्या शिपायानं मात्र शॉनाला आमच्या खिडकीशी बघितलं होतं, आणि तो रँडलबरोबर मासे धरायला जायचा.

सोमवारी दुपारी रँडल आला. टोपी काढून हातात घेतलेली.

"कशा आहात मिस नेल्डा?"

"बरी आहे."

"माझ्या नावाची फाइल बाहेर निघाली होती म्हणे."

"निघाली होती."

"मागणाऱ्याची चिठ्ठी असते ना? मला ती बघायचा हक्क आहे. कायदाच आहे तसा, बरोबर?"

"बरोबर."

"मग दाखवा की."

"चिठ्ठी नाही. फाइल मीच उघडली."

तो हसला. "तुम्ही? ती का बरं?"

"मला बघायची होती म्हणून."

"मिस नेल्डा, तुम्ही उभ्या जन्मात खोटं बोलला नाहीत असं माझी आई सांगायची."

"तुझी आई चांगली बाई होती."

"शॉना कुठंय?"

"ते इथल्या कुठल्याच कागदात नाही, रँडल."

तो काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून त्यांच्याकडं बघत राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्ही अजून तिकडंच राहता ना, ओढ्यापलीकडच्या घरात? एकट्याच?"

"हो," मिस नेल्डा म्हणाल्या. "एकटीच."

त्यानं मान डोलावली, मला "येतो बाई" म्हणाला आणि गेला. मी खिडकीतून बघितलं. पिकअप झाडाखालून हलली नाही. इंजिन चालू होतं.

मी शेरीफला फोन लावला. तो म्हणाला, गाडीत बसणं हा काय गुन्हा आहे का, आणि रँडलसारख्या माणसाविषयी असं बोलायला मला लाज कशी वाटत नाही. मी फोन आपटला. मग मी मिस नेल्डांचे हात धरले. "आज माझ्या घरी चला. पाया पडते. मागच्या दारानं जाऊ, माझ्या गाडीतून."

"वेडी आहेस का गं?" त्या स्वेटर घालत होत्या. "मी घरी सापडले नाही तर तो दुसरीकडं शोधायला लागेल. आणि शॉनाच्या बहिणीचं गाव काही लांब नाही."

"मग तुमचं काय?"

"एवढं विचारू नये," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाचला त्या पुढच्याच दारानं बाहेर पडल्या, सगळ्यांदेखत. त्यांची जुनी गाडी चौकातून निघाली आणि पिकअप तिच्यामागं लागली. मिस नेल्डा नेहमीपेक्षा हळू चालवत होत्या. शॉनाच्या बहिणीच्या गावचा रस्ता उजवीकडं जातो, मिस नेल्डांच्या घराचा डावीकडं. चौकापुढच्या वळणावर आमच्यात कुणीही कधी सिग्नल देत नाही, पण त्यांनी डावीकडचा दिवा लावला आणि रँडलची पिकअप मागं येईपर्यंत तिथं थांबल्या.