समुद्रपूरच्या घरातली म्हातारी

तळेगावातून निघालो तवा बंडीत सगळ्यात ऐसपैस बसलता थो पाळणा. बाकी आमच्या संसारात होतं काय? एक पेटी, दोन वळकट्या, भांड्याचं पोतं, अन् माह्या मांडीवर गजू. पाळणा असा मधात बसलता, जशी काई त्याचीच बदली झाली अन् आम्ही त्याले पोचवाले निघालो.

खरं तं नोकरी लागली होती आमच्या मास्तरले, म्हणजे माह्या मालकाले. समुद्रपूरच्या शाळेत. जिल्हा तोच, वर्धा. पण तळेगाव त्याच्या डोक्यापाशी अन् समुद्रपूर पायापाशी. तुम्ही तळेगावचे कितीतरी जण त्या सकाळी बंडीपाशी उभे होते, तुमाले आठवत असन, आत्या बिलकुल रडल्या नाई. आत्या म्हणजे माह्या सासूबाई. त्या चाकापाशी उभ्या राहून बैलाले बोलून राह्यल्या होत्या.

"नीट चाल बाप्पा! पोरगं हाय बंडीत. माह्याकडं काय पाह्यतं? समोर पाह्य!"

बैलाचं झालं, मंग मास्तरचं झालं, मंग माहा नंबर लागला. "सुनबाई, पोळा झाला का मी येते. पोरगं सुकलेलं दिसलं तं उचलून घेऊन येईन. मंग मले काई म्हणू नका." एवढं बोलल्या अन् बंडी हालाच्या आधीच आत गेल्या.

मी हासली. जिथं रडाचं तिथं हासाची मले लहानपणापासून खोड हाय. गावाबाहेर गेल्यावर मी आत्याची नक्कल करून दाखवली, बैलासकट. मास्तर बी हासले. पण मले ठाऊक होतं. आत्या जे म्हणतात थे करतात.

नकलांचं म्हणाल तं आर्वीत, माह्या माहेरी, मी त्याच्यासाठीच मशहूर होती. कापसाच्या बाजारातला अडत्या, शाळेतल्या बाई, सर्दी झालेला मोटारचा कंडक्टर, सगळे माह्या गळ्यात राह्यत. माही माय म्हणे, "पोरी, सासरी जाताना तोंडाले कुलूप लावून जाजो." लावलं मी. चाबी मात्र पदराले बांधून ठेवली.

बंडीनं आर्वी, आर्वीवरून छोट्या आगगाडीनं पुलगाव, तिथून मोठ्या गाडीनं हिंगणघाट, अन् मंग पुन्हा बंडी. गाडीतल्या लोकाईनं पाळण्यात आपापल्या थैल्या ठेवल्या. एका बाईनं तं टोपलीतली कोंबडीच ठेवली. गजूच्या पाळण्यात गजू सोडून सगळे झोपले.

समुद्रपूरले दोन खोल्यांचं घर भेटलं, वरतं कवेलूचं छप्पर, मांगं मोकळी जागा. आपली तळेगावची माती बरड. पाणी पडलं का निथरून मोकळी. इथली माती काळीभोर, चपलीले अशी धरते का चप्पल परत द्यावी म्हणून हात जोडा लागते. मी आपल्या गावच्या रीतीनं सपाट जागेत भेंडी, बरबटी, दोडके लावले. सगळं सडलं. कुंपणापलीकडं कमळाबाई राह्यते. थे दोन दिवस नुसती पाहून हासली, तिसऱ्या दिवशी म्हणे, "बाई, इथं बियाले उंचावर बसवा लागते. खाली बसवलं तं बुडते." मंग वरंबे घातले, अन् तवा कुठं दोडक्यानं डोकं वर काढलं.

भाजी लागली, गजू लागना. तळेगावात हे पोरगं कसं डाराडूर झोपे! इथं दुपार नाई, संध्याकाळ नाई. मी पाळणे म्हणले, अंगाई म्हणली, मास्तरनं तं बिचाऱ्यानं कविता बी म्हणल्या. त्यानं पोरगं अजून रडलं. नीट झोप नाई तं नीट दूध नाई. गाल उतरले, हातातला चांदीचा वाळा कोपरापातूर सरके. अन् मले बंडीपाशी उभ्या असलेल्या आत्या दिसत. पोळा जवळ येऊन राह्यला होता. सुकलेलं पोरगं पाहून त्या काय करतीन, हे मले पाठ होतं. पोटचं पोरगं तळेगावात अन् मी इथं दोडके मोजत बसीन, असं चित्र डोळ्यापुढं येई.

एका दुपारी थो रडून राह्यला होता अन् मी बी रडाच्याच बेतात होती. मी वैतागली, अन् माह्या तोंडातून एकदम आत्या निघाल्या. "झोप मुकाट्यानं! कामाचा ना धामाचा, नुसता दुधाचा! काय पाह्यतं टकमक? मीट डोळे म्हणलं ना!"

गजू चूप. माह्या तोंडाकडं पाह्यलं. मंग मान वळवून दरवाज्याकडं पाह्यलं, की आत्या आल्या कोण्या बाजूनं. कोणी नव्हतं. पुन्हा माह्याकडं पाह्यलं, अन् झोपला.

तवा मले समजलं. आत्या गात नसत वो कधी. त्या पोराले झोपवत थे बोलणी देऊ देऊ. आपल्याले वाटे म्हातारी कटकट करते. त्याले वाटे दुनिया जागेवर हाय.

त्या दिवसापासून आमच्या घरी दोन टाइम आत्या बोलत. कमळाबाईनं मले इचारलं बी, "सासूबाई कवा आल्या वो? बाहेर काऊन दिसत नाई?" मी म्हणलं, गुडघे दुखतात त्याईचे. आता काय सांगू!

पोळा झाला अन् मास्तरच्या डोक्यात पाळणा रंगवाचं आलं. धुरानं अन् तेलानं थो पाळणा असा काळा झालता का त्यात ठेवलेलं गोरं पोरगं बी सावळं दिसे. बाजारात पोळ्याचा उरलेला रंग होता, निळा अन् लाल. दुकानदारानं मोठ्या खुशीनं देल्ला. आम्ही घासून घासून जुना कळकटपणा काढला, आइतवारी मास्तरनं अंगणात दांड्यायले निळा अन् कठड्याले लाल लावला. भादव्याची हवा, रंग वाळाचं नाव घेईना.

आत मी गजूले लुगड्याच्या झोळीत घेऊन आत्याचा आवाज सुरू केलता. अन् त्याच टायमाले, डोक्यावर गाठोडं घेऊन, खऱ्या आत्या कमळाबाईले आमचं घर इचारून राह्यल्या होत्या.

कमळाबाईनं नंतर मले सांगतलं थे असं. थे आत्याले म्हणे, "थे पाह्य मास्तरचं घर. पण पाहुण्या असान तं जपून राह्यजा वो बाई. त्या घरात एक म्हातारी हाय, लय बोलते."

आत्याले वाटलं माही माय येऊन बसली. आपल्या नातवापाशी आपल्या आधी विहीण! त्या तशाच तणतणत फाटकात आल्या, अन् आतून आवाज आला, "मीट डोळे, नाई तं कान उपटीन!"

"कोण होय थे?" आत्या मास्तरवर धावून गेल्या. "तुही सासू आली का?"

"आई! तू कवा आली?"

"थे सोड. माह्या नातवाले इतकं बोलणारी ही कोण सटवी होय?"

मले आत सगळं ऐकू येऊन राह्यलं होतं. गजूचे डोळे आता मिटतीन, मंग मिटतीन असे. आवाज थांबवला तं पोरगं उठन, नाई थांबवला तं मी मेली. मी थांबवला. पोरगं उठलं.

मास्तर ब्रश घेऊन उभे. कधी खोटं बोलता येत नाई त्याईले. म्हणे, "आई, थे तूच होय."

मी गजूले घेऊन बाहेर आली, तं आत्यानं आधाराले पाळण्याचा दांडा धरलता. तळहात निळा झालता, त्याईले पत्ता नाई.

"मी अशी बोलते?"

मास्तर ब्रशाकडं पाहाले लागले.

"सांग ना वो सुनबाई. इतका खरबरीत आवाज हाय माहा?"

मी म्हणलं, "हो आत्या." माह्या जन्मात मी कोणाची नक्कल करून अशी रडली नव्हती.

त्यानंतर आत्या एकदम हळू बोलाले लागल्या. "सुनबाई, पाणी देतं का माय?" बाप्पा! मले त्यानं अजून भेव वाटलं. त्याईनं गजूले मांडीवर घेतलं, "माह्या सोन्या, माह्या राज्या" केलं. गजू त्याईच्याकडं असा पाहे, जशी काई मोटार-स्टँडवरची बाई. अन् मंग जो भोकाड पसरलं थो दुपार उलटली तरी थांबेना. आत्यानं त्याचा दंड चाचपून पाह्यला अन् हळूच म्हणल्या, "सुकला."

मी पुढं होऊन त्याचा वाळा मनगटावर ओढला.

तेवढ्यात गजूनं रडता रडता आत्याची नथ धरली अन् ओढली.

"अबे, नाक तोडतं का माहं! नालायक कुठला! सोड! सोडतं का देऊ एक? अन् मास्तर, हा काय पाळणा होय का पोळ्याचा बैल? शिंगाचा रंग होय रे हा, दोन महिने वाळन नाई! सुनबाई, दोडक्याले मांडव काऊन नाई केला? जमिनीवर लोळून राह्यले बिचारे, माय नसल्यासारखे!"

गजूनं नथ सोडली. हुंदका अर्ध्यातच राह्यला. थो आत्याच्या तोंडाकडं पाहे, मंग माह्या तोंडाकडं, पुन्हा आत्याच्या. अन् मंग त्याच मांडीवर, निळा पंजा पाठीवर उमटवून घेऊन, झोपला. आत्या बोलतच होत्या.

चार-पाच दिवस राह्यल्या त्या. दोडक्याले मांडव केला, मास्तरले अन् मले भरपूर बोलल्या. निघाच्या दिवशी मी गजूचे कपडे घडी करून खाटेवर ठेवले होते, नेतीन म्हणून. इचाराची हिंमत नव्हती. आत्यानं ते पाह्यले, उचलले, परत पेटीत टाकले.

"नेऊन काय करू? तिथं बी मीच बोलीन," त्या म्हणल्या. बंडीत बसल्यावर मले जवळ बोलावलं. "मी गेल्यावर बी बोलत जाजो. पोराले सवय हाय. पण जरा कमी बोलजो. मी इतकी बोलत नाई." अन् बंडी वळणापलीकडं जाईपातूर त्याईचा आवाज येत होता.

तुम्ही जे गावातच हाय, अन् तुम्ही जे माह्यासारखे कुठं ना कुठं जाऊन रुजले, सगळे मले भेटले का इचारतात, आता कोणतं घर आपलं वाटते वो? मले याचं नीट उत्तर जमत नाई. इथल्या मातीत हात घातला का इथली वाटते, तळेगावचा माणूस दिसला का तिथली. गजू आता चालते, चार शब्द बोलते बी. कोणी त्याले कौतुकानं इचारलं का, तुही आजी कुठं राह्यते रे, तं थो उठते, माह्यापाशी येते, अन् माह्या तोंडावर बोट ठेवते.