मागचं दार बुजवलेला बंगला

नगरमध्ये आमचं घर अजूनही 'साहेबाचा बंगला' म्हणून ओळखलं जातं. राणीच्या राज्यात एका गोऱ्या अधिकाऱ्यानं तो बांधला. काळ्या दगडाच्या जाड भिंती, उंच खिडक्या आणि इथल्या उन्हाळ्यात हसू यावं अशी दिवाणखान्यातली शेकोटी. माझ्या सासूबाईंनी तो विकत घेतला तेव्हा त्या शहरातल्या नावाजलेल्या डॉक्टर होत्या. साहेबाच्या काळी गावच्या माणसांनी मागच्या दारानं यायचं, असा रिवाज होता म्हणे. सासूबाईंनी आधी गवंडी बोलावून ते दार बुजवून घेतलं आणि दिवाणखान्यातच दवाखाना थाटला. लग्न होऊन आले तेव्हा मला ते अवघड वाटायचं. माहेरचे पाहुणेसुद्धा पेशंटच्या बाकांमधून वाट काढत आत येत.

गेल्या वर्षी एका मंत्र्यांचा दौरा ठरला. त्यांचं जेवण या जुन्या वास्तूत व्हावं, म्हणून इथले एक पुढारी स्वतः विचारायला आले. माझा नवरा खुलला.

"फक्त एक करा, डॉक्टरबाई," पुढारी म्हणाले. "त्या दिवशी पेशंट पुढं दिसायला नकोत. मागून घ्या."

"मागं दार नाही."

"मग एक दिवस दवाखाना बंद ठेवा."

बाकावर कर्जतकडची एक बाई तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठायला लागली. "आमी भायेर थांबतो, बाई."

"तू बस," सासूबाई तिला म्हणाल्या. मग पुढाऱ्यांकडे वळल्या. "मंत्र्यांना आनंदानं जेवू घालीन. पण ते येतील या माणसांमधूनच."

पुढारी चहा अर्धा टाकून निघून गेले. जेवण दुसरीकडे झालं.

"आई, उद्या आपलं काही काम अडलं तर?" पुढारी फाटकाबाहेर पडताच नवऱ्यानं विचारलं होतं.

सासूबाई मुलीचा ताप बघत होत्या. उत्तर माझ्याच तोंडून निघून गेलं. "अडलं तर अडलं. आपण रांगेत उभे राहू."

त्याच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. तो बरेच दिवस घुश्शात होता. मी मात्र मंत्र्यांच्या दौऱ्याच्या दिवशी स्वयंपाकघर सोडून दवाखान्यात बसले आणि एकेका पेशंटला आत सोडत राहिले. तेव्हापासून रोज बसते.

पुढं रस्त्याचं काम निघालं, तेव्हा आमच्या फाटकासमोरचा तुकडा तेवढा वगळला गेला. कारण कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारायला गेलो नाही. पावसात तिथं पाणी साचतं. मी विटा टाकून घेतल्यात. पेशंट त्यांवरून येतात.